तीन ठोके

आमच्या टेबलाचा नंबर सतरा.
प्लायवूडवर वडगावातली आमची गल्ली:
काडेपेट्यांची बावीस घरं,
आईस्क्रीमच्या काड्यांचे खांब,
छपरांवर निळ्या कागदाची सोलर पॅनेलं.
विरूपाक्ष हत्तरगीनं रात्रभर जागून
घराघरात मोहरीएवढा दिवा बसवला.
मैमूनानं प्रोग्राम लिहिला.
मी गल्ली सांगितली,
कारण ती माझी होती.

बटण दाबलं की ढग येतो,
म्हणजे विरूपाक्षचा रुमाल,
बॅटरी उतरत जाते
आणि आमचं यंत्र ठरवतं
कुणाला आधी, कुणाला मागनं.
दवाखान्यातला लसींचा फ्रिज, पाण्याची मोटर,
मग माग, मग गिरणी, मग टीव्ही,
आणि सगळ्यात शेवटी
नगरसेवकाच्या दारातला फोकस.
इथं लोक हसायचे.
दोन मार्क तिथंच पडले असावेत.

परीक्षक बाई हुबळीच्या, चष्मा कपाळावर.
त्यांनी कानडीत विचारलं, विरूपाक्षनं कानडीत सांगितलं,
मग माझ्याकडं वळून, जपून, मराठीत:
"आणि दोघांना एकाच वेळी सारखीच नड असली तर?"

मैमूनानं स्क्रीनकडं बघितलं.
स्क्रीननं मैमूनाकडं.

आमच्या कोपऱ्यावर एक लोखंडी खांब आहे.
करंट मंद झाला की दिवे पिवळे पडतात,
मागाचा आवाज जड होतो,
धोटा मध्येच अडकतो, ताणा तटातट तुटतो.
तेव्हा बाबा बाहेर येतात
आणि जुन्या धोट्यानं खांबावर मारतात,
ठण्, ठण्, ठण्.
म्हणजे पदर चाललाय,
लगीनघरचं लुगडं आहे.
समोरची सुमित्राक्का गिरणीचा पट्टा उतरवते,
रांगेतल्या डब्यांना सांगते,
"स्वल्प ताळ्री, कडोलकराचा पदर निघू दे."
कुणी डबा उचलून घरी जात नाही.

भांडण होत नाही असं नाही.
गेल्या चौथीच्या आदल्या दिवशी
बाबांनी ठोके दिले, ती ऐकेचना.
मोदकाच्या पिठाची रांग
पार सायकलच्या दुकानापर्यंत.
बाबांनी माग बंद केला, आत येऊन
तिच्या माहेरापर्यंत शिव्या घातल्या,
मग मलाच डबा देऊन
त्या रांगेत पाठवलं.

ही रीत कुणी पाडली, ठाऊक नाही.
ठोके पडून पडून खांबाला
रुपयाएवढी गुळगुळीत जागा झालीय.
हेस्कॉमचा मल्लेशी दर दोन वर्षांनी खांब रंगवतो,
तेवढी जागा सोडून.

हे सगळं मी बाईंना सांगितलं.
सांगता सांगता माझी भाषा कॉलेजची राहिली नाही,
पीठ उडावं तशी उडत गेली.
बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.
"हे प्रोग्राममध्ये कुठं आहे?"
मैमूना म्हणाली, "नाही, मॅडम."
बाईंनी काहीतरी लिहिलं,
बराच वेळ लिहिलं,
आणि अठरा नंबरकडं गेल्या.

पहिलं बक्षीस निपाणीच्या पोरांना.
त्यांचा मीटर बोलत होता,
तीन भाषांत थकबाकी सांगत होता.
आम्हाला प्रमाणपत्र आणि एकेक पाण्याची बाटली.

गल्ली रिक्षात घालून
मी गल्लीत आणली.
दोन घरं वाटेत निसटली,
ती माझ्या दप्तरात.
वळणावरच दिवे गेले,
पोरं ओरडली, "होयतु!"
बाबा मेणबत्ती धरून बाहेर आले,
प्लायवूडवर वाकले,
आपलं घर शोधलं, सुमित्राक्काचं शोधलं,
मग कोपऱ्यावरची काडी.
"हा आपला खांब?"
नखानं हलकेच तीन टिचक्या मारल्या.

थोडं थांबले.
मेणबत्ती जरा खाली धरली.

"ऐकत नाही की गं हे," म्हणाले,
आणि जेवायला आत गेले.